खोसेलीतो हौसेनं गेला

निकोलासा अल्तामार रडायला लागली की सारं बारांकिया शहर हसून हसून बेजार व्हायचं. हे वर्षातून एकदाच, कार्निव्हलच्या शेवटच्या दिवशी, मंगळवारी, खोसेलीतोच्या प्रेतयात्रेत. खोसेलीतो म्हणजे चार दिवस ढोसून, नाचून आणि गल्लोगल्ली लग्नाची वचनं वाटून अखेर ठार झालेला गडी. तो दर वर्षी मरतो, दर वर्षी शवपेटीत पडून मिरवतो, आणि मागून काळ्या कपड्यांतल्या त्याच्या विधवा छाती पिटत चालतात. त्यातल्या निम्म्या विधवांना मिशा असतात. त्याचं कुणाला काही वाटत नाही.

शहरात असे पुष्कळ खोसेलीतो मरत, पण खरी गर्दी व्हायची ती निकोलासाच्या गल्लीतल्या पेटीमागे. बावीस वर्षं ती थोरली विधवा होती. तिच्या कपाळावर अकरा आठ्या होत्या आणि अकराही जणींचे संसार वेगळे होते. पहिली वर चढायची तेव्हा सातवी खाली उतरायची. डावा गाल हुंदका द्यायचा तेव्हा उजवा गाल मेलेल्याला शिव्या घालायचा. आणि हनुवटी अशी थरथरायची की समोरच्या माणसाच्या हातातली बिअर फेसाळून सांडायची. एका वर्षी पलीकडच्या रस्त्यानं खरीखुरी प्रेतयात्रा चालली होती. तिथला थोरला मुलगा धावत आला आणि म्हणाला, "बाई, पाचच मिनिटं येता का? आमच्याकडं कुणालाच नीट जमत नाहीये." आणि तिचा नवरा एव्हारिस्तो, जो पेटीत प्रेत होऊन पडायचा, तो तर शपथेवर सांगायचा की माग्दालेना नदीतल्या मगरी त्या दिवशी काठाला येऊन माना वर करून बघत. मगरींनाही शिकायला कुणीतरी लागतंच.

वर्षाचे बाकीचे दिवस निकोलासा कोपऱ्यावर कढई मांडून अंड्याच्या अरेपा विकायची. मक्याची जाड पुरी एकदा तळायची, तिच्या कुशीला चीर द्यायची, आत कच्चं अंडं सोडायचं, चीर लिंपायची आणि परत तेलात. या शस्त्रक्रियेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सकाळी सहाला रांग लागायची, आणि रांगेत अरेपांपेक्षा बातम्या जास्त खपायच्या.

जानेवारीत गल्लीच्या टोकाच्या गॅरेजला पांढरा रंग लागला आणि आत विल्फ्रिदो कान्तिल्यो आला. पांढरा डगला, पांढरे बूट, पांढरे दात. बाहेर पाटी लागली, 'सौंदर्य केंद्र', आणि खाली, 'सुईनं, न कापता, कायमचं.'

विल्फ्रिदो हुशार माणूस. पहिल्या दिवशीच त्यानं ओळखलं की या गल्लीतली सगळी तोंडं सकाळी एकाच कढईपाशी येतात. तो रांगेत उभा राहिला, दोन अरेपा खाल्ल्या, बोटं चाटली आणि मानाचं 'दोन्या' लावून म्हणाला, "दोन्या निकोलासा, तुमची कढई आणि माझी सुई, दोघी मिळून ही गल्ली उजळून टाकू. तुमच्या कपाळाचं मी फुकट करून देतो."

"माझ्या कपाळाला काय झालंय?"

"काही नाही. वय झालंय."

एरवी तिनं त्याला झारा दाखवला असता. पण त्याच आठवड्यात कार्निव्हलचं पत्रक छापून आलं होतं, आणि त्यावर तिचा रडका चेहरा एवढा मोठा होता की चौकातल्या भिंतीवर लावल्यावर कबुतरं आठ्यांमध्ये काड्या ठेवायला लागली. अठ्ठावन्न वर्षांची बाई. मनात काहीतरी हललंच.

"दुखतं का हो?"

"डास चावल्यासारखं. फक्त एकच करायचं. कुणी विचारलं तर खरं काय ते सांगायचं."

डास चोवीस वेळा चावला. पाचव्या दिवशी आठ्या गेल्या. आठवड्यानं कपाळ असं गुळगुळीत झालं की माशी बसली तर घसरायची. भुवया वर चढल्या त्या तिथंच राहिल्या, ओठांचे कोपरे वर वळले ते तिथंच राहिले. घडीघडीला कुणीतरी कानात लॉटरी लागल्याची बातमी सांगतंय, असा चेहरा. रांगेतल्या बायकांनी विचारलं, तिनं हौसेनं सांगितलं, आणि बघता बघता नऊ जणींनी विल्फ्रिदोकडं नाव नोंदवलं. नऊच्या नऊ मागची बाजू भरून घेण्यासाठी. विल्फ्रिदोनं सगळ्यांना एकच दिवस दिला: कार्निव्हल संपला की राखेच्या बुधवारी, सकाळी आठपासून.

पहिलं नाव होतं मारेल्विसचं. ती निकोलासाची धर्मकन्या. बाप्तिस्म्याला तिला हातात घेऊन निकोलासाच उभी होती, म्हणून पोर तिला माद्रिना, म्हणजे धर्ममाता, म्हणायची. सव्वीस वर्षांची पोर, बायकांची नखं रंगवायची, कुम्बिया नाचायला लागली की घागऱ्याला पंख फुटायचे. पण अंगानं अशी काटकुळी की वारा अंगावर आला तर वाऱ्यालाच लागायचं.

घरात मात्र वेगळीच गंमत सुरू झाली.

"तू माझ्यावर चिडलीयस का?" एव्हारिस्तोनं जेवताना विचारलं.

"भयंकर! सकाळपासून नळ गळतोय, आणि तू पालथा पडून मॅच बघतोयस!"

"मग चेहऱ्याला कळव ना तसं. तो मला अजून एक बिअर घे म्हणतोय."

कार्निव्हलच्या आधीच्या रविवारी प्रेतयात्रेची तालीम होती. निकोलासानं काळी ओढणी घेतली, पेटीवर कोसळली आणि हंबरडा फोडला. आवाज तोच, बावीस वर्षांचा, काचा तडकवणारा. पण कुणी हसेना. लोक एकमेकांकडं बघायला लागले. धाकटी विधवा म्हणजे उर्बानो खाटीक, सहा फूट उंच, दाढी छातीपर्यंत, काळा झगा ढोपरापर्यंत. तो शेवटी म्हणाला, "बाई, रागावू नका. ही नवरा मेलेली विधवा वाटत नाही. ही विम्याचे पैसे मिळालेली वाटते."

पेटीतून एव्हारिस्तो म्हणाला, "मेलेल्याला तर बघवत नाहीये."

दुसऱ्या दिवशी निकोलासा सरकारी इस्पितळात डॉक्टर ओस्पिनोंपुढं जाऊन बसली. डॉक्टर ओस्पिनो ही बुटकी, चष्मेवाली बाई. तीस वर्षं माणसं कापून शिवत आली होती. तिनं निकोलासाचे गाल दाबले, भुवया चाचपल्या.

"रडा बघू."

"रडतेच आहे."

"बरं. स्नायू झोपलेत. तीन-चार महिन्यांत जागे होतील. तुमचं नशीब थोर की सुईत स्नायू झोपवायचं औषधच निघालं. कुणी टोचलं?"

निकोलासानं सांगितलं. मग जाता जाता म्हणाली, की राखेच्या बुधवारी नऊ जणी मागची बाजू भरून घेणार आहेत, सुईनं, न कापता, कायमचं.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "कायमचं म्हणाला?"

"पाटीवरच लिहिलंय."

"दोन्या निकोलासा, तुम्ही नारळीभात करता ना? भात शिजल्यावर त्यातलं नारळाचं दूध परत वेगळं काढून दाखवाल?"

"ते कसं निघेल?"

"तसंच हे. ते लोक टोचतात ती औषधं नव्हेत, तेलं असतात, कसली तरी. ती मांसात मुरतात. आज सुंदर दिसतं. मग वर्षानं म्हणा, पाच वर्षांनी म्हणा, दगड होतो, कातडी जळते, तेल पाठीत चढतं, पायात उतरतं. फुप्फुसात गेलं तर त्याच दिवशी खेळ संपतो. माझ्याकडं येतात त्या. मी कापते, खरवडते, पण सगळं कधीच निघत नाही."

"मग हे नटणं-मुरडणंच वाईट म्हणायचं?"

"मी कुठं म्हटलं तसं? मी स्वतः नाकं घडवते, पोटं शिवते, त्यावर माझं घर उभं आहे. ज्याचं शरीर त्याची हौस. पण आधी तपासायचं, काय काय बिघडू शकतं ते तोंडावर सांगायचं, आणि कधी कधी घरी पाठवायचं. गेल्या आठवड्यात तिघींना पाठवलं. एकीच्या अंगात रक्त नव्हतं. दुसरीला नाक नको होतं, नवरा परत यायला हवा होता. तिसरीचं नाक छानच होतं." तिनं चष्मा पुसला. "'नाही' म्हणता येत नसेल तर तो डॉक्टर नव्हे, तो दुकानदार."

निकोलासानं बोटांवर मोजलं. नऊ जणी. नऊही तिच्याच कढईपासून गेलेल्या.

ती तशीच मारेल्विसच्या दुकानात गेली. मारेल्विस कुणाच्या तरी अंगठ्यावर टुकान पक्षी रंगवत होती.

"पोरी, बुधवारी जायचं नाही. तो माणूस तेल टोचतो. दगड होतो त्याचा! मरशील!"

मारेल्विसनं वर बघितलं आणि खुदकन हसली. "माद्रिना, आरशात बघ गं स्वतःला. बोलतेयस मरणाचं, आणि तोंड बघ, लग्नाला निघाल्यासारखं."

"तोंडाकडं बघू नकोस, माझं ऐक!"

"काय ऐकू? महिन्याभरात वीस वर्षांनी लहान झालीस. तुला फुकट मिळालं ते चांगलं, आणि मी पैसे देऊन घेतलं की तेल?"

"मला वेगळं टोचलंय, तुला वेगळं टोचणार आहे."

"हो का! सुईला कसं कळतं कुणाच्यात काय घालायचं?" मग मारेल्विसनं ब्रश खाली ठेवला. आवाज उतरला. "बारा वर्षांची होते मी, माद्रिना. बाजारात, सगळ्यांसमोर मला 'झाडूचा दांडा' कोण म्हणालं होतं? अजून त्याच नावानं हाका मारतात. दोन वर्षं लोकांच्या पायांची नखं घासून मी हे जमवलंय. आता तू येऊन हसतेयस माझ्यावर."

"मी हसत नाहीये गं!"

"मग हे काय आहे?"

निकोलासानं दोन्ही हातांनी ओठांचे कोपरे खाली ओढून पाहिले. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, आणि गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अय्या, आनंदाश्रू!"

बाकीच्या आठ जणींकडंही तेच झालं. जितकं कळवळून सांगावं तितका चेहरा झळकायचा. दोघींनी तर ऐकता ऐकता कपाळाचंही नाव नोंदवून टाकलं.

यात आठवडा गेला, आणि कार्निव्हलच्या शनिवारी ती तडक गॅरेजात शिरली. विल्फ्रिदो टेबलावर पाय टाकून कलिंगड खात होता. मागं फळीवर निळा डबा होता, पिवळ्या झाकणाचा, चिठ्ठी खरवडून काढलेला. खालीच टायर चमकवायच्या चिंध्या. असला डबा तिनं शंभर वेळा पाहिला होता. एव्हारिस्तो बस चालवायचा, आणि बसच्या टायरांना तेच फासायचा. आणि आता तिच्या भुवया वर ओढलेल्या असल्यामुळं नजरही आपोआप वर जायची. तशी ती गेली, आणि छताला चिकटून लावलेली विल्फ्रिदोची सनद गल्लीत सगळ्यांत आधी तिनं वाचली. सोनेरी चौकट, लाल शिक्का, आणि आत: 'फ्रिज दुरुस्तीचा तीन आठवड्यांचा वर्ग. द्वितीय श्रेणी.'

"तू डॉक्टर नाहीस!"

"हळू," विल्फ्रिदो म्हणाला. "किंवा नको, मोठ्यानंच ओरडा. गल्लीभर ओरडत जा. तुम्ही जितकं ओरडता तितकं कपाळ चमकतं. या आठवड्यात दोन कपाळं वाढली." त्यानं बी थुंकली. "आणि आरोग्य खात्यात जायचं असेल तर खुशाल जा. बुधवारी सकाळी आठला उघडतं. मीही आठलाच उघडतो."

ते मात्र खरं होतं. कार्निव्हलच्या चार दिवसांत बारांकियात चोरही कामावर जात नाहीत. कचेऱ्यांना कुलपं, आणि कुलपांवर रंगीत कागद.

सोमवारी दुपारी उर्बानोच्या मटणाच्या दुकानात बैठक बसली. निकोलासा, एव्हारिस्तो, उर्बानो आणि मागं आकड्याला टांगलेलं अर्धं डुक्कर.

"लोक तुझं खरं ऐकत नाहीत," एव्हारिस्तो म्हणाला. "मग खोट्यातून सांग. या गावात खरं कुठं बोलतात? लितानीत."

लितानी म्हणजे प्रेतयात्रेत पाद्र्याच्या चालीवर म्हटलेली टवाळी. वर्षभर ज्याला नाव ठेवायची हिंमत नसते त्याचं त्या दिवशी मंत्रासारखं सूर लावून नाव घ्यायचं, आणि ज्याचं नाव निघेल त्यानं हसून पुढं यायचं, खेळात सामील व्हायचं. पळाला तर वर्षभर त्याची धडगत नाही. एकदा महापौरही पुढं आला होता, विजार सावरत.

"आणि यंदा खोसेलीतो मरणार कशानं?" निकोलासानं विचारलं.

उर्बानोनं आकड्यावरच्या डुकराच्या मांडीकडं बघितलं. मग भिंतीवरची पितळी पिचकारी काढली, कोपरापासून मनगटापर्यंत लांब, मांडीत मसाल्याचं पाणी भरायची. मग त्यानं आणि निकोलासानं एव्हारिस्तोच्या बुडाकडं बघितलं. आकड्यावर डुक्करही तिकडंच वळलं.

"उश्या किती लागतील?" एव्हारिस्तोनं हताशपणे विचारलं.

सतरा लागल्या. मंगळवारी प्रेत तयार झालं तेव्हा ते पेटीत मावेना. मग पेटीत पालथं घातलं, आणि वर बूड असं आलं की झाकण त्यावर टोपीसारखं तरंगायला लागलं. पेटी उचलायला एरवी चार जण लागत, यंदा नऊ. पहिल्या वळणावर प्रेत दोन घरांच्या मधे अडकलं आणि एका बाल्कनीतल्या म्हातारीनं वरून ढकलून सोडवलं. वारा सुटला होता, मक्याचं पांढरं पीठ मुठीमुठीनं उडत होतं, ढोल आणि बासऱ्या वाजत होत्या, आणि बातमी पेटीच्या पुढं पळत होती, की खोसेलीतो बुडानं मेला. दुसऱ्या गल्ल्यांचे खोसेलीतो आपापल्या पेट्यांतून उठून बघायला आले, आणि त्यांच्या विधवांना प्रेतांमागं पळावं लागलं.

चौकात पेटी टेकली. उर्बानोनं दाढी झग्यावरून सारखी केली आणि पाद्र्याचा सूर लावला:

"खोसेलीतो गेला हो, गेला कशानं?
ताप नाही, खोकला नाही, गेला हौसेनं!"

"अरेरे! गेला हौसेनं!" सगळा चौक ओरडला.

"पुढून होता सपाट तो, मागून झाला गोल,
बसायला गेला आणि गेला त्याचा तोल!"

"अरेरे! गेला हौसेनं!"

"डॉक्टरांची सनद बाई टांगली उंचावर,
वाचायला शिडी आणा, मग झोपा टेबलावर!"

"अरेरे! गेला हौसेनं!"

आता सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. विल्फ्रिदो गर्दीत पुढंच होता. पांढरा डगला घालून तो सकाळपासून आपली कार्डं वाटत फिरत होता, आणि शेजारी मारेल्विस कुम्बियाच्या घागऱ्यात उभी होती. निकोलासा लोळण घेत त्याच्या पायांशी आली.

"डॉक्टर! माझा नवरा उठवा हो! तुमच्या सुईनं गेला, तुमच्याच सुईनं उठेल!"

विल्फ्रिदोला पळता आलं असतं. पण तो रिवाज जाणून होता, आणि शिवाय एवढ्या लोकांनी आपल्याकडं बघावं हे त्याला लहानपणापासून हवं होतं. तो डौलात पुढं आला. प्रेताची नाडी बुडावर धरली. उशीवर कान लावला. "बंधूंनो, भगिनींनो," तो म्हणाला, "मरण आलंय खरं, पण काय आकारात आलंय!"

चौक खदखदून हसला. मारेल्विसनंही टाळी वाजवली, आणि ते निकोलासानं पाहिलं. गडी बाजी मारत होता. उद्या सकाळी आठला ही पोर हसत हसत त्याच्या टेबलावर पालथी पडणार.

तिनं उर्बानोला खूण केली. उर्बानोनं झग्याखालून निळा डबा काढला. पिवळं झाकण, चिठ्ठी खरवडलेली.

विल्फ्रिदोचं हसू जरा अडखळलं. "हे... कुठून आणलं?"

"तुम्ही आणता तिथूनच," निकोलासा म्हणाली. तिनं पिचकारी डब्यात बुडवली आणि दट्ट्या सावकाश ओढला. "माझ्या नवऱ्याला अजून एक देऊ म्हणते. पण बायकोचं मन, डॉक्टर. आधी तुम्ही घ्या. डास चावल्यासारखं तर लागतं."

"हा हा. छान. पुरे आता."

"विजार सैल करा."

मागून तीन मिशीवाल्या विधवांनी त्याला उचललं आणि पेटीच्या कडेवर वाकवलं. दुसरी कुणी बाई असती तर तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असतं की गंमत चाललीय. पण विल्फ्रिदोनं मान वळवून बघितलं तर त्याला दिसलं आपलंच काम: भुवया वर, ओठ वर, कपाळ तुकतुकीत, डोळ्यांत पाणी आणि हातात हातभर पितळी सुई. त्या चेहऱ्यावरून थट्टा की खून हे देवालाही सांगता आलं नसतं.

"सोडा!" तो किंचाळला. "अहो, सोडा! ते आत गेलं की निघत नाही! ते माणसासाठी नाहीच आहे! टायरचं आहे ते, टायरचं!"

ढोल थांबला. बासरी एक सूर जास्त वाजली आणि तीही थांबली. उडालेलं पीठ तेवढं खाली येत राहिलं.

मारेल्विस पुढं आली. घागरा दोन्ही हातांत गच्च धरलेला. "परत सांग."

"गंमत... कार्निव्हल आहे, बाई..."

"परत सांग. उद्या आठ वाजता माझ्यात काय घालणार होतास?"

मारेल्विसनं निकोलासाच्या हातातली पिचकारी घेतली, टोकावरचा थेंब बोटावर घेतला, वास घेतला आणि जिभेला लावला.

"माद्रिना, हे कंडेन्स्ड मिल्क आहे."

"मग काय, जिवंत माणसाला टायरचं तेल टोचू? मी काय सौंदर्य केंद्र आहे?"

आधी हसली मारेल्विस. मग बाकीच्या आठ जणी, मग चौक, मग बाल्कन्या, मग पालथ्या पडलेल्या प्रेताच्या उश्या हलायला लागल्या. आणि मग पीठ आलं, मुठींनी, टोपल्यांनी, पोत्यांनी. विल्फ्रिदो त्यातून सुटला तो समुद्राच्या दिशेनं धावत सुटला. वारा असा होता की त्याच्यामागं पांढरी रेघ उठली, आणि सिएनागाच्या मिठागरापाशी मच्छिमारांनी ती ढगाची सुरुवात समजून जाळी आवरली, असं म्हणतात.

ढोल पुन्हा सुरू झाला तेव्हा निकोलासा पेटीच्या कडेला टेकली होती. मारेल्विस शेजारी बसली.

"पोरी, तेव्हा बाजारात मी बोलले ते... मला वाटलं होतं हसशील तू. तू हसलीही होतीस."

"सगळे हसत होते. मी काय करणार?"

"चुकलं माझं. फार चुकलं."

मारेल्विसनं तिच्याकडं नीट बघितलं. चकाकत्या कपाळाकडं नाही, डोळ्यांकडं. "आता खरंच रडतेयस," ती म्हणाली. "आवाजावरून कळतंय." मग तिच्या ओढणीवरचं पीठ झटकत, "पण समज, मला अजूनही करायचंच असेल तर?"

निकोलासानं नाक पुसलं. "तर त्या बुटक्या डॉक्टरीणबाईकडं जाऊ. मी येईन बरोबर. ती तुला सगळं भयंकर ते सांगेल, कदाचित घरीही पाठवेल. मग ठरव. अंग तुझं आहे."

"आणि तू काही बोलणार नाहीस?"

"एवढं मात्र माझ्याच्यानं होणार नाही."

मारेल्विस उठली, घागरा झटकला, आणि तिला हाताला धरून ओढलं. थोरली विधवा नवऱ्याच्या प्रेताभोवती कुम्बिया नाचली. प्रेत ओरडत होतं की मला बाहेर काढा, उश्यांमुळं उठता येत नाहीये, पण बायका कुठल्या ऐकतायत.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता आरोग्य खात्याच्या कारकुनानं झोपेत जांभई देत कुलूप काढलं. कानांत अजून पीठ होतं. दार उघडलं तर समोर दहा बायका, सगळ्यांच्या कपाळांवर राखेचे क्रूस, एकीच्या हातात विल्फ्रिदोच्या गॅरेजातला निळा डबा, आणि त्यातली एक थोराड बाई अशी प्रसन्न की कारकुनाला वाटलं आपलाच सत्कार आहे. दहाही जणी एकदम बोलायला लागल्या.

"एकेक! एकेक बोला!" तो कान झाकून ओरडला. "मेलं कोण ते आधी सांगा!"

"अजून कुणीच नाही," मारेल्विस म्हणाली, आणि डबा त्याच्या टेबलावर ठेवला. "म्हणून तर लवकर आलोय."